परदेशात पाहुणी म्हणून राहू नकोस: भाषा शिकायला निघालेल्या भावी शिक्षिकेस

प्रश्न थोडक्यात असा आहे. देगलूर तालुक्यातली तेवीस वर्षांची मुलगी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अध्यापन पद्धती मराठी आणि इंग्रजी. जर्मनची ए-२ पातळी (सहा पायऱ्यांतली दुसरी) झाली आहे, जपानीही खुणावतं आहे. बी.एड. झालं की वर्षभर बाहेर राहून भाषा पक्की करावी, तिथली संस्कृती समजून घ्यावी आणि परत येऊन इथंच शिकवावं, असा तिचा विचार आहे. घरी सोयाबीनची शेती. वडील म्हणतात, "शिक्षक भरतीच्या टेट परीक्षेची तयारी कर. झेडपीच्या शाळेत काय जर्मन शिकवणार आहेस?" तिनं विचारलंय: जावं का, कुठं जावं आणि त्याचा शिक्षिका म्हणून नेमका उपयोग काय?

माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. तुझ्या वडिलांचा प्रश्न अजिबात चुकीचा नाही. झेडपीत तू जर्मन शिकवणार नाहीस. भरतीच्या गुणवत्ता यादीत परदेशातल्या वर्षाचा एकही जादा गुण मिळत नाही. हे त्यांना स्पष्ट सांग, गोड करून सांगू नकोस. तरीही माझं उत्तर 'जा' असंच आहे. मात्र तू लिहिलेल्या कारणांसाठी जाऊ नकोस.

माझा अनुभव सांगते, म्हणजे मी हे कशाच्या जोरावर बोलतेय ते कळेल. परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी-इंग्रजी शिकवायचे. नोकरीला सात वर्षं झाल्यावर जपान सरकारची शिक्षक-प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली. २००४ च्या ऑक्टोबरपासून २००६ च्या मार्चपर्यंत, असे अठरा महिने मी ओकायामाला होते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, पुणे-ओकायामा मैत्रीचं, तेच हे ओकायामा. पहिले सहा महिने नुसती भाषा, पुढचं वर्ष विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात आणि आठवड्यातून दोन दिवस एका प्राथमिक शाळेत. परत आल्यावर काही वर्षं त्याच शाळेत शिकवलं आणि नंतर लातूरला बी.एड. महाविद्यालयात आले. माझ्या काही विद्यार्थिनी जर्मनीला जाऊन आल्या, त्यांच्याकडूनही बरंच कळलं.

पहिले तीन महिने मी वर्गात मुकी होते. मुकी म्हणजे अक्षरशः मुकी. आपल्या शाळेत गॅदरिंगचं सूत्रसंचालन करणारी, फळ्याकडे पाठ करून तासभर बोलू शकणारी मी, तिथं 'माझं पेन खाली पडलंय' एवढं सांगता येईना म्हणून पेनावाचून बसून राहिले. कळायचं बरंचसं, तोंडातून निघायचं नाही. शिक्षिका विचारायची, कळलं का? मी मान डोलवायचे. कळलेलं नसायचं. पण 'नाही कळलं' म्हटलं की ती पुन्हा सांगणार, पुन्हा नाही कळणार आणि सगळा वर्ग माझ्याकडं बघत राहणार. त्यापेक्षा मान डोलवलेली बरी.

हे लिहिताना मला एक मुलगी आठवते. जपानला जायच्या आदल्या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गात तांड्यावरून येणारी एक मुलगी होती. जूनपासून दिवाळीपर्यंत ती वर्गात बोलली नाही. विचारलं की मान डोलवायची. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर माझ्या हातानं लिहिलं होतं, 'आकलन कमी.' तिच्या घरी बंजारा समाजाची गोरबोली बोलतात, आईला याडी म्हणतात, भाकरीला बाटी, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून सुचलं नाही. ओकायामाच्या वर्गात मान डोलवता डोलवता एके दिवशी ती मुलगी डोळ्यांसमोर आली आणि मला घाम फुटला.

तुझ्या वडिलांना सांगण्यासारखा खरा उपयोग हा आहे. शिक्षक होणारी बहुतेक माणसं शाळेत हुशार गणली गेलेली असतात. न कळणाऱ्या मुलाच्या जागी ती कधी बसलेलीच नसतात. ती जागा बी.एड.च्या कुठल्या पेपरात मिळत नाही.

दुसरी गोष्ट चुकांची. माझ्या जपानी वहीत लाल शाईचा सडा पडलेला असायचा. एकदा शिक्षिकेनं मला थांबवून घेतलं आणि अकरा लाल खुणांकडं बोट दाखवून म्हणाली, "या अकरा चुका नाहीत. ही एकच चूक आहे, अकरा वेळा केलेली." मग तिनं विचारलं, तुमच्या भाषेत हे कसं म्हणतात? मी सांगत गेले आणि माझ्या लक्षात आलं. मराठीत 'मुंबईला गेले' आणि 'सरांना पाहिलं' यांत आपण एकच विभक्ती वापरतो, ला-ना. जपानीत जाण्याच्या ठिकाणाला 'नि' लागतं आणि पाहण्याच्या कर्माला 'ओ'. मी 'ला' दिसलं की 'नि' ठोकून देत होते. तसंच 'घरात आहे' आणि 'घरात जेवते'. आपल्याला दोन्हीकडे 'त' पुरतो, त्यांना एकीकडे 'नि' आणि दुसरीकडे 'दे' लागतं. म्हणजे मी वेंधळी नव्हते. मी जपानी शब्द घेऊन मराठी बोलत होते.

परत आल्यावर मी उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलांच्या वह्या काढल्या. 'माझी पुस्तक', 'ती किताब फाटली', 'तो झाड'. पूर्वी प्रत्येक ठिकाणी फुली आणि खाली शेरा: शुद्धलेखनाकडे लक्ष द्या. आता दिसलं की पोरगं पूर्ण शिस्तीत चुकतंय. उर्दूत लिंगं दोनच, नपुंसकलिंग नाही. किताब स्त्रीलिंगी, म्हणून पुस्तकही त्याच्या डोक्यात स्त्रीलिंगी. अकरा नाही, एकच चूक. मग फुल्या थांबवल्या. दोन तास घेऊन फक्त 'ते' शिकवलं: ते झाड, ते पुस्तक, ते लेकरू, ते वासरू. महिनाभरात वर्गाच्या निम्म्या लाल खुणा गेल्या. यासाठी जपानलाच जायला हवं होतं का? खरं सांगायचं तर नाही. पण मला तिथं जाऊन कळलं, इथं पंचवीस वर्षं उर्दूच्या शेजारात राहून कळलं नाही.

माझ्या वडिलांना मात्र ते न जाता कळलेलं होतं. ते निजामाच्या राज्यात शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं, त्यामुळं पुढं शिकायचं तर उर्दूला वळसा नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, पण वडील अखेरपर्यंत हिशेब मनात उर्दूतच करायचे. बाजारातून आले की ओठ हलायचे, 'सात का आधा साढे तीन' असं काहीतरी. परक्या भाषेच्या वर्गात बसणं म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला पुरेपूर माहीत होतं. ते आपण कधी विचारून घेतलं नाही. तुझ्या आजीला तेलुगू येतं असं तू सहज एका ओळीत लिहिलंयस. त्यावर मी पुढं येते.

आता संस्कृतीबद्दल. 'संस्कृती समजून घ्यायची' हे तुझ्या पत्रात तीनदा आलंय आणि मला त्याचीच थोडी काळजी वाटते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी संस्कृतीचा एक ठरलेला कार्यक्रम सगळीकडे असतो. जपानात किमोनो नेसवतात, चहाचा विधी दाखवतात, चेरीच्या झाडाखाली फोटो काढतात. जर्मनीत ख्रिसमसचा बाजार असतो. सगळं छान असतं आणि जरूर बघावं. पण तो पाहुण्यांसाठी मांडलेला पाट आहे. आपल्याकडं कुणी परदेशी आलं की आपण फेटा बांधतो, पुरणपोळी वाढतो आणि वेरूळला नेतो. त्याला आपलं घर कळलं का?

संस्कृती कळायला लागते ती फजितीतून. मी एका शिक्षिकेला विचारलं, गुरुवारी तुमच्या वर्गाचा पाठ बघायला येऊ का? ती म्हणाली, "गुरुवार म्हणजे... च्योत्तो..." आणि थांबली. शब्दकोशात च्योत्तो म्हणजे 'थोडंसं'. मी समजले, थोडा वेळ चालेल. गुरुवारी हजर! ती कमालीची नम्रपणे हसली आणि दिवसभर माझ्याशी नीट बोलली नाही. तिनं मला नकार दिला होता. वाक्य अर्धं सोडणं हाच नकार. परतताना बसमध्ये मी आपल्या गावातलं 'बघू की' आठवत बसले. कुणी लग्नपत्रिका दिली की 'बघू की, जमलं तर' असं आपण म्हणतो, तेव्हा येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं.

आणि काही ठिकाणी घरच भेटतं. आपल्याकडं घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे तुला सांगायला नको. जपानी पोरं शाळेला निघताना 'इत्ते किमासु' म्हणतात. शब्दशः 'जाऊन येते.' घरातून उत्तर येतं, 'जाऊन ये.' पहिल्यांदा अर्थ लागला तेव्हा मी रस्त्यात उभी राहून रडले. सहा महिने घरचं कुणी दिसलेलं नव्हतं, हेही त्याला कारण असेल.

बोलीचंही तसंच. भाषेच्या वर्गात आम्ही टोकियोची घोटीव जपानी शिकायचो. खोलीशेजारच्या आजी परसात मुळे-कोबी लावायच्या, त्यांचं मला काहीच कळायचं नाही. त्यांच्या प्रत्येक वाक्यात 'देऽरेऽ' यायचं. शब्दकोशात नाही. शेवटी कळलं, ओकायामाकडं 'फार' या अर्थानं देऽरेऽ म्हणतात. म्हणजे आपलं 'लई'! मी ते वर्गात वापरलं तर शिक्षिका हसली आणि म्हणाली, परीक्षेत लिहू नका. अगदी हेच मी पोरांना म्हणत आले होते. 'काय करायलास' असं लिहिलं की काट मारून वर 'काय करत आहेस'. पण शेजारच्या आजींना देऽरेऽ म्हटल्यापासून त्यांनी मला परसातून घरात घेतलं. घोटीव भाषेनं मला परीक्षा पास करून दिली, घर उघडलं ते देऽरेऽनं. आता मी विद्यार्थिनींना सांगते, प्रमाणभाषा जरूर शिकवा, पण पोराच्या बोलीवर काट मारू नका, शेजारी लिहा.

आता जे सांगते ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिल्या सहा महिन्यांत मी घरी पत्र लिहिलं होतं, 'इथं जात नाही. शाळेत झाडायला शिपाई नाही, सगळी पोरं मिळून झाडतात, शिक्षकही झाडतात.' झाडण्याचं खरंच होतं. रोज पंधरा-वीस मिनिटं अख्खी शाळा फडकी आणि झाडू घेऊन कामाला लागते. दुपारचं जेवण पोरंच पांढरे एप्रन घालून वाढतात आणि शिक्षक त्यांच्याच बाकावर तेच जेवतात. मला वाटलं, सुटलो आपण, एक देश तरी असा आहे.

दुसऱ्या वर्षी शिक्षक खोलीत एका प्रशिक्षणाचा कागद फिरत होता. त्यावरचा एक शब्द मला येत नव्हता. मी मोठ्यानं विचारला आणि खोली गप्प झाली. पुढच्या आठवड्यात एका वयस्क शिक्षकांनी मला गाडीनं सोडताना आपण होऊन सांगितलं. चामड्याचं, जनावरं कापण्याचं काम ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारलं गेलं, अशा वस्त्या जपानातही होत्या. १८७१ च्या फर्मानानं कायद्यातला भेद संपला. पण त्यानंतर दोनच वर्षांत ओकायामाच्याच उत्तर भागात, मिमासाकाकडं, शेतकऱ्यांच्या उठावात याच वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. १९२२ मध्ये या लोकांनी स्वतःची समता संघटना काढली. लग्न जुळवताना चौकशी करणारे लोक अजून आहेत, म्हणून शाळांमधून भेदभावाविरुद्धचं शिक्षण चालतं. तो कागद त्याचाच होता.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडं कसं आहे? गाडी माझ्या खोलीसमोर उभी होती. तुटक्या जपानीत मी त्यांना नामांतराबद्दल सांगितलं. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. मी तेव्हा सात वर्षांची होते. आमच्या गावाबाहेर रात्री उजेड दिसत होता आणि आईनं खिडकी लावून घेतली, एवढंच मला आठवतं. प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. हे मी मराठीत कुणाला कधी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं ते जपानीत, आणि क्रियापदं चुकवत.

हे एवढं लांबवलं त्याचं कारण आहे. या गोष्टी पाहुण्याला सांगत नाहीत. सहा महिन्यांत परतले असते तर 'तिथं जात नाही' हे मी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत राहिले असते आणि त्यांनी विश्वास ठेवला असता. कारण बाई स्वतः राहून आल्यात! परदेशी जाऊन आलेला शिक्षक अर्धवट माहिती घेऊन आला तर न गेलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

परत आल्यावर मीही केलंच. जून २००६, शाळा उघडली आणि मी उत्साहानं झाडण्याची पाळी सुरू केली. हजेरीच्या क्रमानं, सरळ साधं. पहिल्या आठवड्यात जी पाच मुलं आली त्यांत वस्तीवरची एक मुलगी होती. तिसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. आवाज न चढवता विचारलं, "बाई, माझ्याच लेकराच्या हातात खराटा कसा आला?" मी हजेरीपट दाखवला. ते म्हणाले, "हजेरीचं कळलं. पण माझ्या बापाच्या हातात कुठल्या हजेरीनं आला होता?" मला उत्तर नव्हतं. जपानात झाडू हा फक्त झाडू आहे असं मी समजले होते. तिथंही तो तेवढाच नव्हता आणि इथं तर नव्हताच नव्हता. पुढचे दोन महिने मी आणि आमचे दोन सहकारी शिक्षक रोज झाडायचो, मुलांनी फक्त बाकं पुसायची. दिवाळीनंतर मुलंच खराटे मागायला लागली. ते वडील पुढं आमच्या पालक समितीत आले.

आता व्यवहाराचं बोलू.

पहिलं म्हणजे, बी.एड. इथलंच पूर्ण कर. सरकारी किंवा अनुदानित शाळेसाठी एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, मान्यता असलेली पदवी लागते. बाहेरची शिक्षकी पदवी घेऊन आलीस तर समकक्षतेच्या कागदांत वर्षं जातील. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, देऊन मगच जा, ती एकदा पास झालीस की आयुष्यभर चालते. टेटचं मात्र अवघड आहे. ती २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. तिला वेळापत्रक नाही. तू बाहेर असताना ती निघू शकते, हा धोका खरा आहे आणि वडिलांशी त्यावर मोकळं बोल. माझं मत विचारशील तर हा धोका घेण्यासारखा आहे, पण सोयाबीनच्या भावावर घर चालवणाऱ्यांना ते पटवणं माझ्या हातात नाही.

ए-२ झालंय तर जर्मनी जवळ आहे. निदान बी-१, म्हणजे पुढची पातळी, करून जा. ए-२ वर गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीचं पहिलं अर्धं वर्ष किराणा आणि कार्यालयं यांतच गेलं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं. खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे पैसे आधीच गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो आकडा ११,९०४ युरो झाला, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. भारतीयांना एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्रही लागतं आणि त्याला वेळ लागतो. एवढे पैसे नसतील तर औ-पेअरचा मार्ग आहे. वय सत्तावीसच्या आत, जर्मन ए-१, एका कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, आठवड्याला तीस तासांपर्यंत. बदल्यात राहणं, जेवण आणि हातखर्च. लहान मुलांसोबत भाषा शिकणं म्हणजे भावी शिक्षिकेला सोनं आहे. पण घर कसं मिळतं यावर सगळं अवलंबून. माझ्या विद्यार्थिनींपैकी एकीला घरात लेकीसारखं वागवलं, दुसरीला मोलकरीण करून ठेवलं. करार लेखी असू दे, आधीच्या मुलीशी फोनवर बोलल्याशिवाय होकार देऊ नकोस, आणि जमलं नाही तर घर बदलता येतं हे लक्षात ठेव.

जपानला भाषाशाळेतून जाता येतं. त्यासाठी एन-५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) किंवा दीडशे तासांचं जपानी शिक्षण दाखवावं लागतं. आमच्या वेळी परीक्षेच्या चारच पातळ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्यात केंद्र आहे. एजंट सांगतात, 'पार्ट टाइम करून सगळं निघतं.' विद्यार्थ्याला आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करता येतं. त्यात जेवण-भाडं कसंबसं निघतं, वर्षाची सात-आठ लाख येनची फी निघत नाही. कर्ज काढून गेलेली पोरं रात्री कारखान्यात डबे भरतात आणि सकाळी वर्गात झोपतात, मग कसली भाषा. मला मिळालेली शिष्यवृत्ती नोकरीत पाच वर्षं झालेल्या, पस्तिशीच्या आतल्या शिक्षकांसाठी आहे. अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासामार्फत होतो. ती आत्ता तुझी नाही, पण सहा वर्षांनी असू शकते. म्हणजे टेट दे, नोकरी लाग आणि सरकारच्या खर्चानं जा, हा रस्ताही आहे. तुझ्या वडिलांना तो जास्त आवडेल.

अनुसूचित जातीच्या किंवा नवबौद्ध घरातली असशील तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ. ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, नुसत्या भाषेच्या कोर्सला नाही. बाबासाहेबही भाषेच्या वाटेनं जर्मनीच्या उंबरठ्यावर गेले होते. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनमध्ये अर्ज लिहून बॉन विद्यापीठात प्रवेश मिळवला होता, पण तिथलं शिक्षण पूर्ण झालं नाही. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, नागसेनवनात, फिरताना मला हे नेहमी आठवतं.

कुठंही गेलीस तरी भारतीय मुलींबरोबर खोली घेऊ नकोस. हे मी कठोरपणे सांगते. संध्याकाळी खिचडी आणि मराठी मिळाली की दिवसभराची भाषा धुऊन जाते. घरी फोन रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. रोज रात्री वहीत पाच वाक्यं लिही, पुस्तकातली नव्हेत, त्या दिवशी कानावर पडलेली. कोण, कुणाला, कुठं म्हणालं तेही लिही. माझी ती वही अजून आहे आणि व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा तिनं जास्त शिकवलं. तिथल्या पहिलीच्या पाठ्यपुस्तकापासून वाचायला घे, लाज वाटू देऊ नकोस. आणि कुणाला तरी मराठी शिकव. मी एका मुलीला शिकवत होते. तिनं विचारलं, 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक काय? मग, 'मी पोळी खाल्ली' यात खाणारी मी, तर क्रियापद पोळीप्रमाणं का चालतं, 'मी आंबा खाल्ला' कसं होतं? इतकी वर्षं मराठी शिकवून मला चटकन उत्तर देता आलं नाही.

आता आजीचं. व्हिसा, बी-१, पैसे यांत वर्ष जाईल. तोवर आजीकडून तेलुगू शीक. शब्दांच्या याद्या नकोत. दुपारी तासभर आजीनं तुझ्याशी फक्त तेलुगूत बोलायचं, तू चुकायचं, तिनं हसायचं. देगलूर-उदगीरच्या पट्ट्यात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच बाजारात चालतात. परदेशी विद्यापीठं ज्यासाठी पैसे घेतात ते तुझ्या ओसरीवर फुकट बसलंय. बी.एड.च्या छात्रसेवाकालात, म्हणजे शाळेतल्या सरावात, तुला तांड्यावरची मुलं भेटतील. त्यांना पहिल्या दिवशी 'तारो नाम कांई?' विचारून बघ आणि त्यांचे चेहरे बघ. ओकायामाच्या त्या आजींनी मला घरात घेतलं तेव्हा माझा चेहरा असाच झाला असणार.

प्रगतिपुस्तकावरचं ते 'आकलन कमी' मला खोडता आलं नाही. परत आले तेव्हा ती मुलगी शाळेत नव्हती. आई-बापासोबत ऊसतोडीला गेली आणि पुढं आलीच नाही, असं वर्गातल्या मुलींनी सांगितलं.

जाता जाता एक बारीक पण कामाचं. पासपोर्ट अजून काढला नसशील तर आधी दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेव. आपल्याकडं त्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो. तिथं उलटसुलट झालं की व्हिसापासून गोठवलेल्या खात्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. माझं झालं होतं. अठरा महिने तिथली सगळी कार्यालयं मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारत होती.